खेळाडू आणि समाजसेवक : कै. विजय मर्चंट
(एक अभ्यासपाठ)

आपल्या न्यासाच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी एखाद्या दानशूर पुरुषाचे चरित्र लिहून द्यावे, अशी सूचना आम्हांस आली, तेव्हा शेठ-सावकारांची आणि राजे-महाराजांची पुष्कळ नावे डोळ्यांपुढे उभी राहिली. त्या सर्वांविषयी मनात आदर ठेवूनच आम्ही एका क्रिकेटपटूचे नाव निवडले आहे. कै. विजय मर्चंट हे ते नाव. ही स्मरणिका घरी गेल्यावर पहिल्याने मुले उघडतात आणि जाहिराती संपल्यावर खेळाचे काही आहे का, ते पाहतात, हा आमचा शाळेतला अनुभव. हे निवडीचे एक कारण. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. दान कशाचे करावे, या प्रश्नाला मर्चंट यांनी आपल्या आयुष्याने जे उत्तर दिले, ते आपल्यासारख्या छोट्या न्यासाला पेलण्यासारखे आहे. म्हणून त्यांच्या चरित्राचा हा अभ्यास आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

विजय यांचा जन्म मुंबईस १२ ऑक्टोबर १९११ रोजी ठाकरसी घराण्यात झाला. हे घराणे कापड गिरण्यांचे. पुण्या-मुंबईच्या महिला विद्यापीठाच्या नावात 'श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी' ही अक्षरे आहेत, ती याच घराण्यातील. सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १९२० साली महर्षी कर्वे यांच्या विद्यापीठास १५ लक्ष रुपयांची देणगी आपल्या मातोश्रींच्या नावे जाहीर केली होती. तेव्हा देण्याची सवय घरातच होती. मग 'ठाकरसी' यांचे 'मर्चंट' कसे झाले? शाळेत नाव विचारताना वडिलांचा व्यवसायही विचारला गेला, मुलाने 'मर्चंट', म्हणजे व्यापारी, असे सांगितले, आणि तेच आडनाव समजून पटावर चढले, अशी हकीकत आहे. शाळेच्या दाखल्यावर एकदा जे चढते ते जन्मभर उतरत नाही, हे आम्हा शिक्षकांना सांगायला नको. पुढे ते सिडनहॅम महाविद्यालयात शिकले आणि तेथील क्रिकेट संघाचे कर्णधारही झाले.

१९३२ साली भारताचा संघ पहिला अधिकृत कसोटी सामना खेळण्यास इंग्लंडला जाणार होता. कर्णधारपद पुढे ज्यांच्याकडे आले ते कर्नल सी. के. नायडू आपल्या नागपूरचे. (१९५६ पूर्वी नागपूर हीच आपल्या बालाघाटचीही राजधानी होती, म्हणून 'आपल्या' म्हणण्याचा अधिकार आम्ही घेतो.) विजय तेव्हा वीस वर्षांचे. त्या वयाच्या खेळाडूला लॉर्ड्सच्या हिरवळीवर पाय ठेवण्याहून मोठे स्वप्न ते कोणते? परंतु त्या वर्षीच्या जानेवारीत सरकारने गांधीजींना तुरुंगात टाकले, आणि देशाचे नेते कोठडीत असताना खेळाच्या दौऱ्यास जाणे योग्य नव्हे, अशी भूमिका मुंबईच्या हिंदू जिमखान्याने घेतली. एल. पी. जय आणि विजय मर्चंट हे दोघेही त्या दौऱ्यापासून दूर राहिले. मर्चंट यांचा पहिला कसोटी सामना त्यानंतर, डिसेंबर १९३३ मध्ये, मुंबईच्या जिमखाना मैदानावर झाला. पहिल्या कसोटी संघात असण्याचा मान पुन्हा कधी मिळत नसतो, तो त्यांनी सोडला होता. त्यांच्या दानशूरतेचा हिशेब मांडायचा तर आम्ही त्याची सुरुवात येथूनच करू.

१९३६ च्या इंग्लंड दौऱ्याकडे येऊ. मँचेस्टरच्या सामन्यात पहिल्या डावात आपला सारा संघ २०३ धावांत बाद झाला. इंग्लंडने ८ बाद ५७१ धावांवर डाव सोडला. म्हणजे ३६८ धावांचे ओझे डोक्यावर. अशा वेळी सलामीला दोघे तरुण उतरले. एक मुंबईचे विजय मर्चंट आणि दुसरे आपल्याच मध्य प्रदेशातील इंदूरचे सय्यद मुश्ताक अली. एक काळजीपूर्वक, पुस्तकात दाखवल्याप्रमाणे खेळणारा. दुसरा पाय पुढे टाकून, पुस्तक मिटून खेळणारा. पहिल्या डावात अकरा जणांनी मिळून जेवढ्या धावा केल्या होत्या, बरोबर तेवढ्याच, म्हणजे २०३ धावा, या दोघांनी पहिल्या गड्यासाठी जमविल्या. मुश्ताक ११२, मर्चंट ११४. मुश्ताक अलींचे ते शतक म्हणजे परदेशात भारतीयाने केलेले पहिले कसोटी शतक होय. सामना अनिर्णित राहिला.

या भागीदारीमागे आणखी एक हकीकत आहे, ती क्रिकेटच्या इतिहासकारांनी नोंदविली आहे. दौऱ्याचे कर्णधार होते विजयनगरमचे महाराजकुमार. त्यांचे आणि मर्चंट यांचे जुळत नव्हते. मर्चंटला धावचीत करून टाक, असे त्यांनी मुश्ताक यांना सुचविले होते. मुश्ताक यांनी ती गोष्ट सरळ मर्चंट यांच्या कानावर घातली, दोघे हसले आणि खेळावयास गेले. धाव घेताना बावीस यार्डांच्या पलीकडच्या माणसाच्या हाकेवर डोळे मिटून विश्वास टाकावा लागतो. त्या काळी मुंबईत हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि इतर असे धर्मावर संघ पाडून सामने होत, आणि परस्परांविरुद्ध खेळणारे हे दोघे मँचेस्टरला एकमेकांच्या हाकेवर धावत होते, हे आमच्या वर्गात आम्ही दर वर्षी सांगतो. मुश्ताक अली २००५ साली नव्वदी ओलांडून इंदूरला वारले.

आता थोडे गणित, कारण सरासरी हा शब्द मुले फार वापरतात पण ती काढतात चुकीची. फलंदाजाची सरासरी काढताना एकूण धावांना डावांनी भागत नाहीत; ज्या डावांत तो नाबाद राहिला ते वजा करून उरलेल्यांनी भागतात. मर्चंट यांनी प्रथम श्रेणीच्या १५० सामन्यांत २३४ डाव खेळले, त्यांत ४६ वेळा ते नाबाद राहिले. उरले १८८. धावा १३,४७०. भागाकार केला की ७१.६४ येतात, पुढचे दशांश सोडून देऊ. दीर्घकाळ खेळलेल्या फलंदाजांत यापुढे एकच नाव आहे, ते ऑस्ट्रेलियाचे डॉन ब्रॅडमन यांचे. त्यांची सरासरी ९५.१४. साऱ्या जगात दुसरा क्रमांक! आता कसोटी सामन्यांचे पाहा. अठरा डाव, ८५९ धावा, आणि नाबाद एकदाही नाही. उत्तर ४७.७२. हे मुलांनी स्वतः करून पाहावे. मात्र भागाकार झाल्यावर येथे थांबून एक प्रश्न विचारावा, की १९३३ पासून १९५१ पर्यंतच्या अठरा वर्षांत कसोटी सामने फक्त दहाच का? मध्ये दुसरे महायुद्ध आले. फलंदाज वयाच्या ज्या वर्षांत सर्वांत चांगला खेळतो ती वर्षे त्यात गेली. काही दौरे प्रकृतीने हिरावून घेतले. हे दहाही सामने इंग्लंडविरुद्धचे आहेत. आकडा नुसता वाचून उपयोग नाही, तो कोणत्या सालचा तेही पाहावे लागते.

युद्धाच्या काळात देशातले सामने मात्र चालू होते, आणि त्यांतला १९४३ चा मोसम अजून जुन्या लोकांच्या तोंडी येतो. मर्चंट आणि सांगलीचे विजय हजारे यांच्यात जणू चढाओढ लागली होती. हजारे ख्रिस्ती, म्हणून पंचरंगी सामन्यांत ते 'इतर' संघाकडून खेळत. त्यांनी मुस्लिम संघाविरुद्ध २४८ धावा केल्या. अंतिम सामन्यात मर्चंट यांनी नाबाद २५० करून त्या मागे टाकल्या. त्याच सामन्यात हजारे यांनी ३०९ केल्या, आणि तेही अशा वेळी की संघाच्या एकूण धावा होत्या ३८७! त्यांचे बंधू विवेक एका बाजूस तग धरून उभे राहिले. त्यांच्या स्वतःच्या धावा २१. (आम्हांला या सामन्यात हे २१ सर्वांत आवडतात.) मग वर्ष संपता संपता मर्चंट यांनी महाराष्ट्राविरुद्ध रणजी सामन्यात नाबाद ३५९ केल्या. १९४५ च्या मार्चमध्ये रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात मुंबईची गाठ होळकर संघाशी पडली. मर्चंट २७८, होळकरांकडून मुश्ताक अलींची दोन्ही डावांत शतके, आणि युद्धामुळे हिंदुस्थानात असलेले इंग्लंडचे डेनिस कॉम्प्टन नाबाद २४९. जिंकली मुंबई. पुढे याच कॉम्प्टन यांनी १९४६ साली ओव्हलच्या कसोटीत १२८ धावांवर खेळणाऱ्या मर्चंट यांना चक्क पायाने चेंडू यष्टीवर मारून धावचीत केले. कॉम्प्टन फुटबॉलही तितकाच चांगला खेळत! त्या दौऱ्यात मर्चंट यांनी २,३८५ धावा काढल्या.

शेवटचा कसोटी सामना दिल्लीस, नोव्हेंबर १९५१ मध्ये. वय चाळीस पूर्ण. धावा १५४. क्षेत्ररक्षण करताना खांद्यास दुखापत झाली आणि त्यांनी बॅट खाली ठेवली. कारकिर्दीतील आपल्या सर्वांत मोठ्या कसोटी खेळीनंतर खेळ सोडणारे विरळाच.

खेळ सुटला तरी क्रिकेट सुटले नव्हते. विविध भारतीवर 'क्रिकेट विथ विजय मर्चंट' हा त्यांचा कार्यक्रम होई, तो आमच्या वडिलांच्या पिढीने ऐकला आहे. ते राष्ट्रीय निवड समितीचे अध्यक्ष झाले, तेव्हा नवीन मुलांना संधी देण्याचा त्यांचा कटाक्ष असे. गुंडाप्पा विश्वनाथ १९६९ साली आले. त्याच वर्षी एकनाथ सोलकर आले. सोलकर यांचे वडील हिंदू जिमखान्याच्या मैदानाची निगा राखीत. ज्या जिमखान्याकडून मर्चंट खेळले, त्याच जिमखान्याच्या मैदानावर गवत कापणाऱ्याच्या घरचा मुलगा भारताच्या संघात गेला, आणि फलंदाजाच्या अगदी पायाशी उभे राहून झेल घेण्यात जगात नावाजला गेला.

जानेवारी १९७१ मध्ये कर्णधार निवडताना समितीची मते समसमान झाली आणि अध्यक्षांचे निर्णायक मत अजित वाडेकर यांच्या बाजूने पडले. मन्सूर अली खान पतौडी यांचे कर्णधारपद गेले. त्या वर्षी वेस्ट इंडीज आणि इंग्लंड या दोन्ही देशांत भारताने पहिल्यांदाच मालिका जिंकल्या, तरी त्या मताची चर्चा कित्येक वर्षे थांबली नाही. आमचे मत विचाराल तर दोन्ही पक्षांपाशी सांगण्यासारखे होते. मात्र पतौडींविषयी एक गोष्ट येथेच सांगून ठेवली पाहिजे, ती पुढे उपयोगी पडेल. १९६१ साली मोटारीच्या अपघातात त्यांच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. पुढच्याच वर्षी, एकविसाव्या वर्षी, ते भारताचे कर्णधार झाले आणि चाळीस कसोटी सामन्यांत त्यांनी संघाचे नेतृत्व केले. एका डोळ्याने! त्यांना कुणी डोळ्याबद्दल मदतनिधी दिला नव्हता. त्यांना बॅट दिली, मैदान दिले, संघ दिला.

आता मूळ विषय. मर्चंट यांनी उत्तरायुष्यातील मोठा भाग अंध आणि अपंग यांच्या कामाला दिला. (आज सरकारी कागदांत 'दिव्यांग' हा शब्द आहे, त्या काळचा शब्द 'अपंग' किंवा 'विकलांग'.) मुंबईत १९६८ साली एक संस्था निघाली, तिच्या उभारणीत आणि नेतृत्वात त्यांचे नाव आहे. संस्थेचे नाव 'नॅशनल सोसायटी फॉर इक्वल ऑपॉर्च्युनिटीज फॉर द हँडिकॅप्ड'. लांबलचक इंग्रजी नाव पाहून वाचकांनी पुढे जाऊ नये, कारण सारा पाठ या नावातच आहे. यात साहाय्य हा शब्द नाही, आश्रय नाही, दया नाही. 'इक्वल ऑपॉर्च्युनिटीज', म्हणजे समान संधी. हात-पाय अधू असलेल्या माणसास काम शिकवायचे आणि मग कारखान्याच्या दारापर्यंत नेऊन ते मिळवून द्यायचे, असा तिचा उद्देश. चेंबूरला तिचे केंद्र आहे.

खेळाडूने आपले नाव एखाद्या संस्थेच्या कागदावर छापू देणे सोपे असते. मर्चंट यांचे तसे नव्हते. ते स्वतः गिरणीच्या व्यवसायातले. कोणते काम उभ्याने करावे लागते, कोणते बसून होते, कोणत्या यंत्राला दोन हात लागतात आणि कोठे एक हात व लक्ष पुरते, हे गिरणीत वावरलेल्या माणसाला कळते. अपंगाला काम द्या, असे सांगणारा माणूस स्वतः मालकांच्या पंक्तीतला असला म्हणजे समोरच्याला 'आपल्याला यातले काय कळते' असे म्हणता येत नाही. शिवाय मुंबईत त्यांना सारे 'विजयभाई' म्हणून ओळखीत. ज्या दारावर एखाद्या अंध मुलाच्या बापाला शिपाई उभे करणार नाही, ते दार विजयभाईंना उघडे असे. त्यांच्या दानातला सर्वांत मोठा भाग हाच, असे आम्हांला वाटते. आपली पत त्यांनी दुसऱ्याच्या नावे खर्ची घातली.

हे शहरातले झाले, आपल्या गावाशी याचा काय संबंध, असे कुणी म्हणेल. म्हणून आमच्या शाळेतील एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगतो. नाव मुद्दाम देत नाही. लहानपणी पोलिओने त्याचा एक पाय गेला होता. (देशात पोलिओचा शेवटचा रुग्ण २०११ च्या जानेवारीत सापडला आणि २०१४ साली देश पोलिओमुक्त जाहीर झाला, आजच्या मुलांनी हा रोग पाहिलेलाही नाही, हे केवढे भाग्य!) वैनगंगेकाठच्या मैदानावर आमच्या शाळेचा संघ खेळे तेव्हा तो धावा लिहायला बसत असे. त्याची वही पाहावी! एक चेंडू सुटलेला नसे आणि बेरीज कधी चुकलेली नसे. बारावी झाल्यावर त्याला न्यासातर्फे तीनचाकी सायकल देण्यात आली. समारंभ झाला, हार झाले, छायाचित्र निघाले. आठवड्याने आम्ही त्याला विचारले, सायकल कशी आहे? तो म्हणाला, "सायकल चांगली आहे, सर. पण तिच्यावर बसून जायचं कुठं?"

त्याने तोवर एका कचेरीत अर्ज केला होता. तेथे त्याचे अक्षर कुणी पाहिले नाही, पाय पाहिला. जिन्याकडे बोट दाखवून त्याला परत पाठविण्यात आले. पुढे न्यासाच्याच एका सभासदांनी त्याला आपल्या कापडाच्या दुकानी खातेवहीवर बसविले. एक महिना पाहू, असे ते म्हणाले होते. त्या महिन्यास आता पुष्कळ वर्षे लोटली. आज त्या दुकानाचा सारा हिशेब संगणकावर तोच ठेवतो आणि सायकल रोज सकाळी साडेनऊला दुकानाच्या पायरीशी उभी असते. सायकलीचा खर्च न्यासाच्या वार्षिक अहवालात आला. सभासदांच्या त्या एका शब्दाला अहवालात रकाना नव्हता. अहवाल तयार करणारांनी याचा विचार करावा, ही आमची विनंती आहे.

हा विचार काही मुंबईहून आयात करावा लागत नाही. आपल्या पलीकडेच, चांदा जिल्ह्यात वरोऱ्याजवळ, बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि आनंदवन उभे केले. ज्यांची बोटे झडली होती त्यांच्याकडून विहिरी खोदवून घेतल्या, शेती करविली, इमारती बांधविल्या. तेथे रुग्ण भिक्षेवर जगत नाही. आणि आमच्या घरी लहानपणापासून सांगितली जाणारी हदीसमधली गोष्ट तर चौदाशे वर्षांची जुनी आहे. पैगंबरसाहेबांपाशी एक मनुष्य मागावयास आला. त्यांनी त्याच्या घरची कांबळ आणि पाण्याचा प्याला आणवून लिलावात दोन दिरहमला विकला. एका दिरहमचे घरी अन्न नेण्यास सांगितले, दुसऱ्याची कुऱ्हाड आणविली, तिला स्वतःच्या हातांनी दांडा बसवून दिला आणि पंधरा दिवस लाकडे तोडून विकण्यास त्याला पाठविले. दांडा स्वतः बसवून दिला, हा तपशील लहानपणी आमच्या लक्षात राहिला नव्हता. शिक्षक झाल्यावर राहिला.

मर्चंट यांचा गौरव करताना एक गोष्ट झाकून ठेवणे आम्हांस पसंत नाही. त्यांची संपत्ती कापड गिरण्यांची होती, आणि गिरण्यांची संपत्ती गिरणगावच्या कामगारांच्या श्रमांची. १९८२ च्या जानेवारीत मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी संप केला. त्यानंतर बहुतेकांच्या हाताला ते काम पुन्हा कधी लागले नाही. आज तेथे उंच इमारती उभ्या आहेत. कोकणातल्या आणि घाटावरच्या कितीतरी घरांची चूल त्यात विझली. एकीकडे अपंगांना काम मिळावे म्हणून झटणारी माणसे आणि दुसरीकडे धडधाकट माणसांचे बुडणारे काम, ही दोन्ही चित्रे एकाच शहरात, एकाच दशकात होती. याचा दोष एका माणसावर टाकणे अन्यायाचे होईल. पण दानाचा इतिहास शिकताना कामाचा इतिहासही शेजारी ठेवावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.

खेळ आणि परोपकार एकत्र नांदल्याचे दुसरे उदाहरण दूर अमेरिकेकडचे आहे, आणि न्यासाच्या विश्वस्तांनी ते अवश्य वाचावे. बेसबॉल हा खेळ आपल्याकडे थोड्या शाळांतून खेळला जातो. त्यातही चेंडू फेकणारा आणि बॅटने तो टोलविणारा असतो, पण धाव समोरासमोर न घेता चौकोनाच्या चार ठाण्यांना फेरी घालून घ्यावी लागते. प्वेर्तो रिको बेटावर १९३४ साली जन्मलेले रॉबर्टो क्लेमेंटे हे या खेळातील थोर खेळाडू. १९५५ पासून १९७२ पर्यंत ते पिट्सबर्गच्या एकाच संघाकडून खेळले आणि शेवटच्या मोसमाअखेर त्यांच्या यशस्वी टोल्यांची संख्या बरोबर ३,००० झाली. २३ डिसेंबर १९७२ रोजी निकाराग्वा देशाच्या राजधानीत भयंकर भूकंप झाला. क्लेमेंटे यांनी मदत गोळा करून विमानांनी पाठविली. ती गरजूंपर्यंत न पोहोचता तेथील अधिकाऱ्यांच्या हाती अडकते, असे त्यांच्या कानावर आले. मी स्वतः बरोबर असलो तर कुणी हात लावणार नाही, या विचाराने ३१ डिसेंबरच्या रात्री ते सामानाने भरलेल्या जुन्या विमानात बसले. विमान उडताच समुद्रात कोसळले. वय अडतीस. त्यांचा देह सापडला नाही. बेसबॉलच्या कीर्तिमंदिरात नाव येण्यास खेळ सोडल्यावर पाच वर्षे थांबावे लागते; त्यांच्यासाठी तो नियम बाजूस ठेवून १९७३ सालीच त्यांना मान देण्यात आला.

मर्चंट यांना असे मरण आले नाही. २७ ऑक्टोबर १९८७ रोजी, शहात्तराव्या वर्षी, ते मुंबईत वारले. देशात तेव्हा विश्वचषकाचे सामने चालू होते. सोळा वर्षांखालील मुलांच्या राष्ट्रीय स्पर्धेला आज त्यांचे नाव आहे. पण क्लेमेंटे आणि मर्चंट यांच्यात एक धागा सारखा आहे. दिलेली वस्तू योग्य हाती पडते की नाही, हे पाहण्यासाठी दोघेही वस्तूच्या मागोमाग गेले. एक विमानात बसून गेला, दुसरा कारखान्यांच्या दारांतून.

मर्चंट यांच्या काळी अपंगाला नोकरी देणे हा मालकाच्या मर्जीचा प्रश्न होता. त्यानंतर कायदा बदलला आहे आणि तो आपल्या पुष्कळ कुटुंबांना ठाऊक नाही, म्हणून शेवटी त्याची माहिती देतो. १९९५ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत अपंगांसाठी ३ टक्के जागा राखून ठेवल्या. २०१६ च्या नव्या कायद्याने त्या ४ टक्के केल्या आणि अपंगत्वाचे ७ प्रकार होते ते २१ केले. त्यांत सिकलसेल, थॅलेसेमिया आणि आम्लहल्ल्याने आलेले अपंगत्व यांचाही समावेश आहे. सिकलसेल आपल्या भागात आहे, याची नोंद घ्यावी. सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत ५ टक्के जागा राखीव आहेत आणि सहा ते अठरा वर्षांच्या मुलास मोफत शिक्षणाचा हक्क आहे. हे लाभ अपंगत्व ४० टक्के किंवा अधिक असल्याचे प्रमाणपत्र असेल तरच मिळतात. खासगी दुकानदार व कारखानदार यांच्यावर मात्र अशा राखीव जागांचे बंधन नाही. तेथे अजून कुणीतरी विजयभाईच लागतो.

२०११ च्या जनगणनेत देशातील अपंगांची संख्या २ कोटी ६८ लक्ष नोंदली आहे. आपल्या वस्तीत असे किती, याची यादी न्यासाकडे असावी. ती करताना वय आणि अपंगत्व यांच्या पुढे 'काय काम येते' असा एक रकाना जरूर घालावा. शिवण, हिशेब, मोबाइलची दुरुस्ती, उर्दू-मराठी-हिंदी टंकलेखन, जे येत असेल ते लिहावे. प्रमाणपत्रासाठी व ओळखपत्रासाठी 'स्वावलंबन' या शासकीय संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो. त्यास छायाचित्र, आधार कार्ड आणि पत्त्याचा पुरावा जोडावा, आणि मग जिल्हा रुग्णालयातील वैद्यकीय मंडळापुढे तपासणीस जावे. पुष्कळ घरांत अर्ज भरण्याच्या भीतीनेच हे काम राहून जाते. आमच्या नववी-दहावीच्या मुलांना हा अर्ज भरता येतो. कागद घेऊन शाळेत यावे, ती भरून देतील.